सव्वा पानाच्या चार ओळी

५ ऑक्टोबर १९९८, सोमवार

सामंतांनी सव्वा पान सांगितलं, मी चार ओळी पाठवल्या. पकडली गेले नाही.

रमाकांत सामंत म्हणजे समोरच्या ब्लॉकमधले. गलोंडा गावातल्या धाग्याच्या कारखान्यात मॅनेजर. गेल्या महिन्यात कारखान्यात इंटरनेट आलं आणि त्याच आठवड्यात त्यांची टायपिस्ट लग्न होऊन नवसारीला गेली. गणपतीत आमच्याकडे आले होते, तेव्हा अलकाच्या तोंडून निघून गेलं, "आईनं तीस वर्षं पेपरात काढलीत, इंग्रजी बातम्यांचं मराठी करायची." झालं! आता सकाळी दहा ते एक कारखान्याची जीप मला इथून, सामरवरणीहून, नेते आणि आणते. लेकीच्या क्वार्टरमध्ये रिकामी बसून भिंतींचे पोपडे मोजण्यापेक्षा बरं.

आजचा मजकूर: जर्मनीहून ऑगस्टमध्ये आलेल्या बेअरिंगला तडा गेलाय. शनिवारपासून मशीन बंद. हे तिथल्या लिंडनर नावाच्या इंजिनिअरला कळवायचं. सामंत खिडकीशी पाठमोरे उभे राहून सांगू लागले. स्क्रीनकडे पाहिलं की डोळ्यांतून पाणी येतं म्हणतात. आदरणीय महोदय, आपण व आपले कुटुंबीय कुशल असाल अशी आशा. आपल्या कंपनीशी आमचे जिव्हाळ्याचे संबंध. आपला अमूल्य वेळ घेताना अत्यंत संकोच वाटतो... बेअरिंग यायला अकरा मिनिटं लागली. घड्याळ लावून पाहिलं.

मी इंग्रजीत लिहिलं: तुमचं बेअरिंग तडकलंय. मशीन बंद आहे. काय तपासू? लवकर सांगा.

तीस वर्षं हेच केलं. पहिला परिच्छेद उडवायचा, बातमी दुसऱ्यात असते.

६ ऑक्टोबर

उत्तर आलं. "तडा कोणत्या बाजूला? बेअरिंगवरचा नंबर पाठवा." संपलं. डिअर नाही, थँक यू नाही, खाली नुसता एल.

सामंतांनी विचारलं, काय म्हणतात लिंडनरसाहेब? आता या माणसाला काय वाचून दाखवायचं? रस्त्यात ओळखीचं कुणी न बघता गेलं तरी यांचं जेवण जात नाही. म्हटलं, नमस्कार सांगितलाय. आपली अडचण ऐकून फार वाईट वाटलं म्हणतात. आपल्यासारख्या जुन्या ग्राहकाची गैरसोय व्हावी याचा खेद आहे. आणि सवडीनं तो नंबर कळवावा.

"सज्जन माणूस," सामंत म्हणाले.

अलकाला सांगितलं. म्हणाली, साठी उलटल्यावर खोटं बोलायला लागलीस. मी म्हटलं, खोटं नाही, याला संपादन म्हणतात.

७ ऑक्टोबर

आज लिंडनरला सामंतांकडून तीन ओळी गेल्या. सामंतांना लिंडनरकडून त्याच्या आईच्या गुडघेदुखीची हकिगत मिळाली. थोडं जास्तच झालं. उद्यापासून आवरतं घेते.

८ ऑक्टोबर

गंमत संपली. निदान आजच्यापुरती.

मुंबईहून कारखान्याच्या मालकाचा, शेठचा, फोन आला. त्यांचं म्हणणं, बेअरिंग आपोआप तडकत नाही, फिटरनं दसऱ्याला मशीनवर नारळ फोडला, पाणी आत गेलं. त्या फिटरला दिवाळीआधी काढा. दिवाळी एकोणीसला.

फिटर म्हणजे सुकदेव, शिरपूरकडचा. नऊ वर्षं इथे आहे. बायको प्रमिला इथेच पॅकिंगला. राहायला कारखान्याचीच खोली, म्हणजे नोकरी गेली की छप्परही गेलं. सामंतांनी त्याला आत बोलावलं. टोपी हातात धरून उभा राहिला. मी विचारलं, फोडला का नारळ?

"फोडला ना ताई. दर दसऱ्याला मीच फोडतो. मशीनवर नही, खाली फरशीवर. पन पानी उडालं नही असं कसं सांगू? उडालं बी असंल. हळद-कुंकू तर मशीनलाच लावलं, तांदूळ बी वाहिले."

सामंत म्हणाले, अरे, पाणी उडालं नाही म्हणायचंस. सुकदेव म्हणाला, मशीनसमोर उभं राहून खोटं बोलवत नाही. मग माझ्याकडे वळला. "ताई, त्या जर्मनवाल्याला सरळ इचारा. माझ्या हातून झालं असंल तर मी आपलं बिऱ्हाड उचलतो. नसंल झालं तर का म्हनून जाऊ?"

तो गेल्यावर सामंत खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, असं विचारता येत नाही हो मालतीताई. तुमचा माल खराब आहे का, असं तोंडावर? आणि सांगू लागले. आपल्या उत्पादनावर आमचा पूर्ण विश्वास आहे. दोष आमच्याकडूनच झाला असण्याची शक्यता आम्ही नाकारत नाही. आमच्या कर्मचाऱ्यांच्या धार्मिक भावनांमुळे काही अनवधान घडले असल्यास उदार मनाने क्षमा असावी.

म्हणजे सभ्यपणे माणूस विकून मोकळे! हे गेलं असतं तर लिंडनरनं एक ओळ लिहिली असती, "क्षमा केली", आणि सुकदेवचं बिऱ्हाड शिरपूरच्या एसटीत.

मी लिहिलं: आमच्याकडे वर्षातून एकदा यंत्रांची पूजा करतात. १ ऑक्टोबरला आमच्या फिटरनं मशीनजवळ नारळ फोडला. थोडं पाणी उडालं असेल. मशीनला हळद-कुंकू लावलं, वर तांदूळ टाकले. यानं बेअरिंग तडकेल का? की बेअरिंगच खराब होतं? हो किंवा नाही सांगा. एका माणसाची नोकरी यावर आहे.

पाठवलं. मोडेम शिट्ट्या मारत होतं तोवर लिहिलेलं दोनदा वाचलं. आवृत्ती सुटताना कधी परत वाचलं नव्हतं.

९ ऑक्टोबर

उत्तर नाही. सामंत म्हणाले, सभ्य माणूस विचार करून लिहितो.

१० ऑक्टोबर, शनिवार

नाही. तिकडे शनिवारी सुट्टी असते म्हणे. की मी जरा जास्तच फाडकन बोलले? "हो किंवा नाही" हे नवऱ्यालासुद्धा कधी म्हटलं नव्हतं, बरीच वर्षं मनात असूनही.

मग दुपारभर एक विचार डोक्यात. इंग्रजी त्याचीही नाही, माझीही नाही. परक्या घरी गेल्यावर सामंत सगळे दागिने घालून जातात. लिंडनर नुसता सदरा घालून येतो. उद्धट कोणीच नाही बहुतेक. पण एका परक्याच्या दोन शब्दांवर सुकदेवचं घर टांगलेलं आणि मी सदऱ्या-दागिन्यांची सदरं लिहितेय. पुरे.

१२ ऑक्टोबर

नाही. प्रमिला डबा खाताना माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या पोळीवर वाढली आणि उठून गेली. उत्तर न देणाऱ्या जर्मनाला मनातल्या मनात मराठीत जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

आलं!

"नाही. पाण्यानं आणि तांदळानं पोलाद तडकत नाही. उशीर झाला, कारण तुमच्या नंबरच्या इतर बेअरिंगांची चौकशी केली. आणखी दोन ठिकाणी हेच झालंय. माल आमचा खराब. बदली बेअरिंग उद्या विमानानं निघेल. फिटरला सांगा, त्याचा दोष नाही. नारळ का फोडतात? एल."

हे मात्र सामंतांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. एक शब्द वाढवला नाही. ऐकून घेतलं, मग म्हणाले, आज त्यांच्या आईबद्दल काही नाही? म्हटलं, गुडघा बराय. मान हलवली. बाहेर जाऊन स्वतः सुकदेवला बोलावून आणलं. ऐकून सुकदेव खुर्चीवर बसला, साहेबांच्या समोर, न विचारता. नऊ वर्षांत पहिल्यांदा. सामंतांनी चहा मागवला.

नारळाचं कारण विचारलं तर सुकदेव म्हणाला, लिहा ताई, मशीनला बी वाटलं पाहिजे आपलं कोनी आहे. तसंच कळवलं.

१४ ऑक्टोबर

लिंडनरचं उत्तर शेठना मुंबईला पाठवलं. शेठचा फोन: "बेअरिंग कोणाचंही असो, एकदा काढायचं म्हटलं म्हणजे काढायचं. माझा शब्द खाली पडणार नाही." फोन ठेवल्यावर सामंतांचा चेहरा पाहवेना. चोवीस वर्षं त्यांनी या माणसाला "हो शेठ" याखेरीज काही म्हटलेलं नाही. सुकदेवला अजून सांगितलेलं नाही.

१५ ऑक्टोबर

सामंत आलेच नाहीत. पोट बिघडलंय, असा निरोप.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

आले. खिडकीशी उभे. शेठना मेल सांगू लागले: आदरणीय शेठजी, आपली आज्ञा शिरसावंद्य, आपल्या अन्नावर वाढलेला हा सेवक... पाऊण पान झालं. मग थांबले, पण वळले नाहीत.

"मालतीताई, पाठवलेलं सगळं या कॉम्प्युटरमध्ये राहतं. मी रोज संध्याकाळी डोळे पुसत पुसत वाचतो. लिंडनरचंही. तो इतका गोड नाही."

मी एवढंच विचारलं, मग बोलला का नाहीत?

"मला तसं लिहिता येत नाही. आणि तुम्ही वाचून दाखवता ते ऐकायला बरं वाटायचं."

मी नवं पान घेतलं. सुकदेवचा दोष नाही. मी त्याला काढणार नाही. काढायचंच असेल तर आधी मला काढा. तीन ओळी झाल्या. खाली नाव कुणाचं घालू, विचारलं.

"माझं," ते म्हणाले. "ते मात्र पूर्ण लिहा."