वजन कोठे ठेवावे

मी, खाली सही करणारी सेवानिवृत्त न्यायाधीश, गुडघे वगळता सर्व बाबतींत धडधाकट असून हे मृत्युपत्र स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपण आणण्याचा प्रयत्न झाला. त्याची नोंद दुसऱ्या कलमात आहे. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम पहिले. राहत्या घरातील माझा अर्धा हिस्सा व बँकेतील ठेवी चिरंजीवांना. त्यांचा विनियोग कसा करावा याबद्दल मला मत आहे. पण ते लिहायला बसले तर कागद पुरणार नाही.

कलम दुसरे. कोपऱ्यावरचा गाळा. सेवेत असताना माझ्या टेबलावरच्या कागदांवर वजन ठेवण्याची कोणाची छाती झाली नाही. निवृत्तीनंतर मात्र वजन ठेवणे हाच माझा उद्योग झाला. गोल्फच्या काठ्यांवर मी शिशाच्या पातळ पट्ट्या चिकटवते. फटका उजवीकडे भरकटत असेल तर पट्टी काठीच्या डोक्यावर, टाचेच्या म्हणजे दांड्याकडच्या बाजूला. चेंडू उंच उठत नसेल तर खाली, मागच्या अंगाला.

सूनबाई कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. सुट्टीत मदतीला आल्या असता शेजारच्या दातांच्या डॉक्टरांची काठी मी त्यांच्याकडे दिली. डॉक्टरांचा खांदा दुखे. काठी हलकी करायची होती. सूनबाईंनी मुठीचे रबर काढून आत शिसे भरले.

"अगं, हलकी करायला सांगितली होती. तू तर जड केलीस!"

"आई, आधी फिरवून तर बघा. मग ओरडा."

फिरवली. एकूण वजन वाढले होते, तरी मुठीतल्या भारामुळे काठीचे डोके हाताला हलके लागत होते. मी निकाल राखून ठेवला, डॉक्टर मैदानावरून हसत परतल्यावर तो सूनबाईंच्या बाजूने दिला, आणि सूनबाईंना गाळ्याची दुसरी किल्ली दिली. पुढे त्यांनी नोकरी सोडली. आज गिऱ्हाइके त्यांच्या नावाने येतात. गाळा गेला तर त्यांचे काम उठेल.

चिरंजीवांचे म्हणणे असे: "आई, मोबाइलवाला भाड्याने मागतोय. पट्ट्या काय, घरीही चिकटवता येतात."

त्यास उत्तर: "मग मी निकालपत्रंही स्वयंपाकघरातच लिहायला हवी होती."

"तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही."

हे विधान त्यांची कबुली म्हणून नोंदवून घेतले आहे. सबब, गाळा, वजनकाटा, पक्कड व शिशाची रिळे सूनबाईंना संपूर्ण मालकी हक्काने देते. चिरंजीवांना तेथे काठी दुरुस्त करून घेता येईल; मात्र रांगेत उभे राहून.

कलम तिसरे. क्लबच्या चिटणीसांनी भर सभेत माझ्या कामाला "बाईंचा विरंगुळा" म्हटले होते. उरलेल्या पट्टीचा एक तुकडा त्यांना द्यावा. त्यांचे टेबल डुगडुगते. आखूड पायाखाली ठेवावा. हा विरंगुळा त्यांना टेकू देईल.

कलम चौथे. यजमानांना माझी गाडी व वाचायची खुर्ची.

(हे कलम खोडले आहे. कारण पुढीलप्रमाणे.)

यजमानांचा चेंडू उभा जन्म उजवीकडच्या झाडीत गेला. टाचेला एक पट्टी लावली तर सुधारेल, हे मी नाना प्रकारे मांडले. उत्तर एकच: "कोर्टबाई, माझ्या काठीवर वजन ठेवायचं नाही. झाडीत मला सावली मिळते."

काल त्यांनी हा मसुदा वाचला.

"पोरगा उद्या भांडेल गं सूनबाईशी. साक्षीला कोण आहे?"

"दातांचे डॉक्टर. दुसरा शोधतेय."

"मी करतो सही. बापाची सही बघून गप्प बसेल."

"अहो, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. कलम चार वाचा."

त्यांनी माझ्याच पेनने कलम चार आडवे खोडले. "झालं? आता मला काही मिळत नाही. खुर्चीत तसाही मीच झोपतो."

हरकतीला जागा उरली नाही. ज्यांनी माझे वजन कधी घेतले नाही, त्यांनी आपले सगळे वजन सूनबाईंच्या मुठीत ठेवले. जागा अचूक निवडली, हे मी येथे लेखी मान्य करते. त्यांची काठी आहे तशीच राहू द्यावी.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, व खोडाखोडीसह मान्य करून दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: सेवानिवृत्त न्यायाधीश

साक्षीदार: १. दातांचे डॉक्टर (खांदा आता उत्तम). २. यजमान (लाभ: निरंक).

स्थळ: कोपऱ्यावरचा गाळा, सूनबाईंचे टेबल.
दिनांक: गवत कापणीसाठी मैदान बंद होते तो रविवार, एरवी साक्षीदार क्रमांक दोन झाडीत सापडले असते.