भुंग्याखालची चिठ्ठी

बडोदे, रविवार

तेजूताई, तुला आणि आईला नमस्कार.

गुरुवारी सकाळी प्रयोगशाळेत अवंतीने माझ्या भुंग्यांखालच्या चिठ्ठ्या बदललेल्या दिसल्या, आणि त्या क्षणी माझं डोकंच फिरलं. आईला यातलं काही सांगू नकोस. खानावळीत दोन्ही वेळ जेवतो, एवढंच सांग. तिचा गुडघा कसा आहे?

कॉलेज सोडल्यापासून मी अवंतीच्या संशोधनासाठी किडे गोळा करतोय, हे तुला ठाऊक आहेच. इथे अकोट्याला विश्वामित्री नदीच्या काठी प्लास्टिकचे पेले जमिनीत तोंडापर्यंत पुरायचे, रोज सकाळी त्यात पडलेले भुंगे काढायचे आणि टाचणीला लावायचे. प्रत्येकाखाली चिठ्ठी: जागा, तारीख आणि पकडणाऱ्याचं नाव. या चिठ्ठीशिवाय किडा म्हणजे नुसता कचरा.

तिने माझं नाव काढून तन्मयचं घातलं. तन्मय तिच्या वर्गातला. नदीतल्या मगरींच्या भीतीने तो काठावर एकदाही उतरला नाही.

"तू आता कॉलेजात नाहीस ना. सर विचारतील, हा कोण?" ती म्हणाली. मग इथल्या गुजराती ढंगात, "जाऊ दे ने, नावच तर आहे."

"मग तारखाही खोट्या घाल," मी म्हटलं. तेव्हा इतके महिने न बोललेलं तोंडातून निघालंच. "मी किड्यांसाठी येत नव्हतो, अवंती. तुझ्यासाठी येत होतो."

"माहीत आहे मला," ती मान वर न करता म्हणाली, आणि पुढची चिठ्ठी कापू लागली.

ताई, तिला माहीत होतं. मी हातातला चिमटा टेबलावर टाकला, बाहेर पडलो आणि मागे दार ओढून घेतलं.

तुझा,
इंद्रनील