चॉकलेटच्या सहा वड्या

प्रिय आई,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. सकाळी वैशालीताईंचा फोन आला, "मेघना, आईच्या पानात त्या तुझ्या चॉकलेटच्या वड्या ठेव हं. चोरून खायची बिचारी!" लेकच तुमची, हसता हसता रडल्याही. मी "हो ताई" म्हणाले आणि दाणे भाजायला घेतले. ते करपले. मग गॅस बंद केला आणि लिहायला बसले. कारण तुम्ही त्या वड्या खाल्ल्याच नव्हत्या, आणि हे घरात फक्त मला माहीत आहे.

केवढा तोरा होता मला त्या वड्यांचा! दाणे वाटून घरीच केलेलं पीनट बटर, मध, कॉर्नफ्लेक्स, वर वितळवलेलं चॉकलेट. ओव्हन नको, पाक नको, थाळीत थापून फ्रिजमध्ये ठेवलं की झालं. तुम्ही म्हणायचात, "कोट घातलेली चिक्की गो ही!" पण दाण्यांची सालं पाखडून द्यायला तुम्हीच बसायचात. कूट मिक्सरला चिकटलं की मी घाईने वरून तेल ओतायला जायचे. "थांब गो जरा. दाणेच तेल सोडतले." आणि सोडायचेच! ऑफिसात मात्र ही युक्ती मी माझीच म्हणून सांगितली.

दादरच्या फ्लॅटमधून लग्न होऊन मी लालबागला आले तेव्हा तुमच्या चाळीचा टॉवर झाला होता, शेजार मात्र तोच होता. पहिल्याच महिन्यात शेजारच्या सुमनकाकूंचा डबा मी घासूनपुसून रिकामा परत केला. किती ओशाळलात तुम्ही! "रिकामो डबो कोण देता गो? चिमूटभर साखर तरी घालूची." मला तेव्हा हसू आलं होतं.

आणि मग तो रविवार. ऑफिससाठी केलेल्या वड्या फ्रिजमध्ये ठेवून मी सकाळीच बाहेर गेले होते, तुमचा संदीपही घरी नव्हता. संध्याकाळी ताई आणि भावोजी आले, म्हणून मी डबा उघडला. सहा वड्या कमी! दिवसभर घरात तुम्ही एकट्या, त्यात तुम्हाला डायबेटिस. मी सगळ्यांसमोर विचारलं, "आई, किती खाल्ल्यात?"

"मी नाय गो खाल्लंय."

"मग गेल्या कुठे?"

तुम्ही फ्रिजचं दार लावून घेतलंत. उत्तर टाळलंत म्हणजे खाल्ल्याच, एवढीच माझी अक्कल! मी शुगर तपासायचं मशीन आणलं आणि जावयासमोर तुमचं बोट टोचलं. तुम्ही हात मागेसुद्धा घेतला नाहीत. आकडा दोनशेच्या वर. "बघा!" मी म्हणाले, जिंकल्यासारखी. पदराने बोट दाबत तुम्ही आत गेलात आणि भावोजींसाठी चहा टाकलात.

तुम्ही गेल्यावर दुसऱ्या दिवशी सुमनकाकू पिठलं-भात घेऊन आल्या. मला जवळ घेऊन म्हणाल्या, "तुझं काय कौतुक होतं गो तिला! एकदा रविवारी मी बांगड्याचं कालवण दिलेलं, तर त्या डब्यातून तुझ्या चॉकलेटच्या सहा वड्या आल्या. म्हणाली, सुनेने केल्यात, ऑफिससाठी होत्या, न विचारता घेतल्यात. तिला बोलू नको हां."

बांगड्याचं कालवण! म्हणजे त्या दुपारी तुम्ही त्याच्याबरोबर पोटभर भात जेवला होतात. आकडा भाताचा होता. तेव्हाच का नाही सांगितलंत, आई? मी काकूंच्या दारात जाऊन तमाशा करेन म्हणून? केलाही असता. तेव्हाची मी नक्की केला असता.

पण खरी लाज पुढे आहे. तेराव्याला ताईंनी तो वड्यांचा किस्सा सांगितला, तुमच्या आठवणीत, प्रेमानेच. पाहुणे हसले. मीही हसले. खरं माहीत असून हसले! त्यानंतर घरात कुठलंही कार्य असो, तो किस्सा निघतो, आणि मी खाली मान घालून वाढत राहते. बोट टोचलं तेव्हा निदान मला माहीत नव्हतं. या हसण्याला काय म्हणू? तुमच्या फोटोला हार घालताना तुमच्याकडे बघवत नाही मला.

संदीपलासुद्धा सांगितलं नाही. आपल्या आईचं बोट उगाच टोचलं हे कळल्यावर तो माझ्याकडे कसा बघेल, याची भीती वाटली. तुमच्या अब्रूपेक्षा मला माझी मोठी वाटली, आई.

उद्या पानात वड्या नसतील. ताई विचारतील, का नाहीत? मग पान ठेवण्याआधी, सगळ्यांसमोर, भावोजींसमोर, मी सांगणार आहे. रविवार, डबा, भात, माझं हसणं, सगळं. ताई बोलतील ते ऐकून घेईन. वचन देते. आणि काकूंनी सांगितलेली शेवटची गोष्टही सांगेन, जी मला वर्षभर कुणाला सांगवली नाही. सहातली एक वडी त्यांनी तुमच्या हातावर ठेवली होती, ती तुम्ही परत डब्यात ठेवलीत. म्हणालात, "माका नको. माझ्या सुनेक काळजी वाटता."

तुमची,
मेघना