धुळ्याची लता मुक्ताईनगरची झाली त्याची हकीकत

रावेर,
७ डिसेंबर १९९८

चि. सौ. कुंदास, नानाचे आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? धुळ्याची थंडी कंबर धरते, शेकत जा. इकडे केळीची कापणी चालू आहे, माझे गुडघे दुखतात तेवढेच दुखताहेत, आणि मी एक घोळ घातला आहे. (आधी बसून घे.)

समाजातल्या मुलामुलींची लग्नासाठीची माहिती मी असलमच्या कॉम्प्युटर क्लासात भरून ठेवतो, हे तुला ठाऊक आहे. शिकवलं कुणी नाही, बघून बघून आलं. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं, म्हणून म्हटलं जुनं नाव काढून नवं घालावं. त्यात हुकूम लिहायची एक खिडकी असते. तिथे सकाळपासून एकेक अक्षर शोधत लिहिलं, की गावाच्या जागी मुक्ताईनगर घाल. कोणत्या गावाच्या जागी, ते लिहायचं राहिलं. (गड्याला 'पाणी सोड' म्हटलं तर तो आपल्याच बागेत सोडतो, या यंत्राने सगळ्या शिवारात सोडलं.) सावदा, फैजपूर, यावल, धुळे, सगळे मुक्ताईनगरला राहायला आले.

हे माझ्या ध्यानात येईपर्यंत आपल्या लताच्या माहितीचा छापील कागद दुपारच्या बसने मुक्ताईनगरला चुडामणच्या घरी, त्याच्या मुलासाठी, पोचलासुद्धा. (फोटो आधीच पसंत होता.) चुडामणची आई सुगंधाबाई म्हणाल्या, "नाना तं धुयाची सांगे! हे तं आमच्याच गावची लेक, माह्या नातवाची बहीनच की!" आणि संध्याकाळच्या आत नकार आला.

कॉम्प्युटरात 'अनडू' म्हणून एक सोय आहे, झालेलं मागे घेते म्हणतात. मी धावत जाऊन ती दाबली. माझा सकाळचा अख्खा हुकूम एका झटक्यात नाहीसा झाला. माणसं मात्र मुक्ताईनगरातच. पुन्हा दाबली, तर हुकूम परत हजर! रुसलेल्या जावयासारखा तो दारातून आत-बाहेर करत राहिला. शेवटी असलम म्हणाला, "नाना, अनडू लिहिलेलं मागे घेतो. केलेलं नाही."

ते वाक्य मी घरी येईपर्यंत चघळत होतो. आपण भांडलो की आई म्हणायची, शब्द मागे घे. मी घ्यायचो. तुझं तोंड तरी उतरलेलंच असायचं. मग तू आपल्या ताटातलं भरीत माझ्या ताटात टाकायचीस, तेव्हा कुठे मिटायचं.

मुलांना आशीर्वाद. रागावू नकोस.

तुझा नाना

ता. क. असलमकडे दिवाळीआधीची प्रत फ्लॉपीवर निघाली. विचारलं नाहीत म्हणून सांगितलं नाही, म्हणतो. सगळी माणसं आपापल्या गावी परतली. सुगंधाबाईंचा होकार काही फ्लॉपीवर नाही. म्हणून हे पत्र : लताला घेऊन रविवारी ये. समोर बसल्याशिवाय हे सुटायचं नाही.

आणखी ता. क. पत्र टाकायला निघालो आणि मुक्ताईनगरच्या बसमध्येच चढलो. सुगंधाबाई सगळं ऐकून पोटभर हसल्या. लग्नाला होकार आहे. पण म्हणाल्या, "लेक म्हनलं ते म्हनलं, आता माघारी घेत नही. मी पोरीकडून बसीन. घोळ तुम्ही घातला, तुम्ही आमच्याकडून बसा." मी कबूल करून आलो. तेव्हा रविवारी ये, आणि लताला मांडवात आणायला दुसरा मामा शोध. आम्हा वरपक्षाच्या पंगतीत भरीत मात्र तूच वाढ.