शोभेचा पहिला नंबर

२० जुलै, रविवार

पुन्हा कॉम्प्युटर! आत्याचा चेतनदादा आज आमच्याकडे विश्रांतवाडीत उगवला. हिंजवडीत आयटीत आहे, म्हणून आमच्या घरात त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पोहे हादडता हादडता माझं आयुष्य ठरवून गेला. "इंजिनिअरिंग म्हणजे कॉम्प्युटर. बाकी सगळा टाइमपास." आणि पपा मान डोलवत होते! स्वतः जन्मभर महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात.

मला सिव्हिल हवंय. लहानपणी पपांबरोबर पाण्याच्या टाकीवर जायचे, तेव्हापासून हवंय. पण या घरात बोलून काय उपयोग? पालथ्या घड्यावर पाणी.

२३ जुलै

प्रवेश मार्गदर्शन शिबिर. फुकट, म्हणून हॉल तुडुंब. माइकवाले सर घाबरवत होते — एआय कॉम्प्युटरवाल्यांच्या नोकऱ्या खाणार! हेच सर गेल्या वर्षी "डोळे मिटून कॉम्प्युटर घ्या" म्हणत होते. माझ्या मैत्रिणीच्या, उत्कर्षाच्या ताईनं त्यांचं ऐकूनच घेतलंय ना. पालक तेव्हाही लिहून घेत होते, आजही. माझ्या शेजारच्या काकूंनी बसल्या जागी कॉम्प्युटर खोडून इलेक्ट्रिकल लिहिलं. मुलाला विचारलंसुद्धा नाही. मेंढरं नुसती!

२८ जुलै

प्रवेशाच्या फॉर्मात कॉलेजांचे पर्याय भरले. चेतनदादाचा फोनवरून हुकूम — "वरती मोठी नावं टाक." टाकलं की! एक नंबरला सगळ्यात मोठ्या कॉलेजचं कॉम्प्युटर. गेल्या वर्षी ते माझ्या पर्सेंटाइलच्या कितीतरी वर बंद झालं होतं. म्हणजे नुसतं शोभेला. दोन नंबरला माझं सिव्हिल, तिथं मी आरामात बसते. घरचे खूश, मी खूश, भांडण नाही. एवढी अक्कल या घरात फक्त मलाच.

उत्कर्षा घाबरट. म्हणे, पहिलाच पर्याय लागला तर तोच घ्यावा लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. अगं, लागला तर ना!

पपा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "दीपा, दोन नंबरला सिव्हिल कसं गं?" म्हटलं, असंच. जागा भरायला. त्यांना काय कळणार त्यातलं.

३० जुलै

उद्या यादी. चेतनदादाचे मिस्ड कॉल. मरू दे.

३१ जुलै

लागला. एक नंबरच. कॉम्प्युटर.

एआयला भिऊन सगळे पळाले आणि कटऑफ घसरत घसरत माझ्यापर्यंत आला. सिव्हिलच्या जागा माझ्याहून कमी पर्सेंटाइलवाल्यांनाही मिळाल्यात. बघितलं मी.

चेतनदादा म्हणाला पार्टी. मी रडायला लागले. शेवटी पपांना सगळं सांगितलं. ते मग म्हणाले, "टाकीवर नाचायचीस तेव्हापासून वाटायचं, पोरगी हेच घेणार. म्हणून तर त्या दिवशी विचारलं. तू म्हणालीस, असंच."