गार झाला

९ एप्रिल

आलो बाबा एकदाचा! देवगाव रंगारीहून पहाटेची एसटी, मग टमटम, आणि पडेगावच्या पुढं या नव्या बिल्डिंगच्या साईटवर. लासूर स्टेशनच्या हॉटेलात कपबशा धुवून बोटं सडली होती, त्याआधी ट्रकवर क्लीनर, त्याआधी अर्धी दहावी. हे काम मात्र झकास. तराई, म्हणजे नव्या सिमेंटला पाणी पाजायचं. पिलरला गोणपाट गुंडाळायचं, सुतळीनं आवळायचं आणि दिवसभर ओलं ठेवायचं. गावात प्यायला टँकरची वाट बघतात आणि मी इथं खांबांना न्हाऊ घालतोय! चौथ्या मजल्यावरून दौलताबादचा किल्ला दिसतो. एकदा चढायचाय.

मुकादम रामकिसनमामा लई काळजीचा माणूस. अकरा ते चार काम बंद. डोक्याला ओलं उपरणं, खिशात कांदा, घोटघोट साखरमिठाचं पाणी. स्वयंपाकाच्या सारजाक्का भाकरीसोबत तांब्याभर ताक देतात. दुपारी मामा सगळ्यांना ओळीनं बसवून मानेवरून तळवा फिरवतो. घाम येतोय ना, ते बघतो. शेजारचा अप्पाराव कानात म्हणाला, बैलबाजारात उभं केल्यावाणी वाटतं का नाय? मी म्हणालो, व्हय, फक्त दात बघायचे ऱ्हायले. मामानं दोघांना टपली मारली.

१५ एप्रिल

सरकारी दवाखान्याची आशाताई उन्हाचं सांगायला आली होती. घाम थांबला, कातडी कोरडी पडली, माणूस बरळायला लागला, की ऊन लागलं समजायचं. सावलीत न्या, ओल्या कपड्यानं झाका, मानेला, काखेत पाणी लावा, वारा घाला, एकशे आठला फोन करा. अजून एक गोष्ट तिनं बजावून दोनदा सांगितली. पण तेवढ्यात तिच्या स्कूटीवर वानर बसलं आणि आरशात बघून दात विचकायला लागलं. मी तिकडंच पळालो. अप्पाराव म्हणाला, भाऊ भाऊ भेटले.

मामा मात्र ताई बोलत असतानाच उठून गेला. बरं वाटत नव्हतं म्हणे.

२४ एप्रिल

ऊन असं की लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटते. सारजाक्कांच्या चुलीपाशी बसलो होतो. त्या म्हणाल्या, गेल्या उन्हाळ्यात फकिरा नावाचा गडी भर दुपारी पडला. अंग तव्यासारखं. तराईचं गोणपाट ओलं करून त्याला गुंडाळला. मी विचारलं, मग? म्हणाल्या, मग काय, गार झाला. आणि लाकूड आत सारलं.

वाचला बिचारा, बरं झालं. आता कुठं असतो विचारलं तर म्हणाल्या, इथंच.

इथं तर फकिरा कुणीच नाय. विचारायचं होतं, पण ताकात माशी पडली आणि ऱ्हाऊन गेलं.

२ मे



दुपारी मामाचा तळवा अप्पारावच्या मानेवर थांबला. मान कोरडी. अप्पाराव उठला, डोळे लालभडक, घमेलं उचलून मामाच्या तोंडावर हाणलं. दोन दात खाली पडले. मग थापी घेतली आणि एका गड्याचा कान — रक्त फरशीवर सांडलं नि तिथंच वाळलं. आवाज त्याचा नव्हता. एकच ओरडत होता, तोंड सोडा माझं, तोंड सोडा. त्याचं तोंड तर उघडंच होतं.

मामा किंचाळला, फकिरा आला, फकिरा!

मीच ओरडलो, ऊन लागलंय त्याला, ओल्या कपड्यानं झाका. गड्यांनी भिजलेली गोणपाटं आणली. डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं, सुतळीनं आवळलं, पिलरसारखं. मी पाय धरले. लई झाडत होता. वाटलं, उन्हाचे झटके. मग थांबला.

मामा रक्त थुंकून म्हणाला, गार झाला.

पाय माझ्या हातात होते. चांगले तापलेले.

३ मे

अप्पाराव गावाला गेला, असं सांगायचं. एकशे आठ नाय, पोलीस नाय. मामानं विचारलं, शिवराज, पाय कुणी धरले होते रे? आणि माझा फोन घेतला. फाटकाला कुलूप.

कोपऱ्यातल्या जाड पिलरच्या साच्यात संध्याकाळी सिमेंटचा माल ओतला. आत आधी काय उभं केलं ते मी बघितलं. सारजाक्का म्हणाल्या, शेजारच्या पिलरात फकिरा. इथंच, म्हणल्या होत्या.

आता आठवलं, ताईनं दोनदा काय सांगितलं. तोंड उघडं ठेवा. नाक-तोंड झाकू नका.

५ मे

साचा काढला. गोणपाट मीच बांधलं. पाणी मारलं की कोरडं. परत मारलं. कोरडं. पितोय.

माणसाच्या तोंडाच्या उंचीवर गोणपाट आत ओढलं जातं — बाहेर येतं — आत —

शेजारच्यावरही. वर्ष झालं, त्याचं गोणपाट कुणी काढलेलंच नाय.

६ मे

भिंतीवरून पळालो. भर दुपारी, तेव्हाच सगळे झोपतात. ना उपरणं, ना पाणी. डांबर चपलेला चिकटत होतं. उलटी झाली. किल्ला हलायला लागला —

डोळे उघडले तर मामा. एवढ्या उन्हात जातात का राजा, म्हणाला, आणि गजानं माझा गुडघा फोडला.

७ मे

सकाळपासून घाम नाय. एक थेंब नाय.

ओळीत बसायच्या आधी रांजणातलं पाणी मानेला चोपडलं. मामाचा तळवा फिरला. ओला. पुढं सरकला.

थांबला. तळवा जिभेला लावला.

खारट नाय, म्हणाला.

७ मे, दुपारी

चौथा मजला. फरपटत आलो. जिन्यात मीच फळ्या आडव्या टाकल्यात, टिकणार नायत. कातडी कागदावाणी. पाणी खाली —

ओरडलो. आवाज माझा नाय.

जिन्यात टपटप. गोणपाट ओढत आणतायत. सारजाक्का रडतायत, पोराला वारा घाला म्हणतायत. कुणी ऐकत —

एक फळी गेली.

ज्याला ही वही सापडेल त्यानं — माणूस कोरडा पडला तर सावली, काखेत पाणी, वारा — ओल्या कपड्यानं झाका, पण त्याचं तों