सतरा नंबरचा खण

६ नोव्हेंबर २००६
हिंगणघाटला परत आले. सॉल्व्हंट प्लांटच्या फाटकावर काम लागलं. कडुनिंबाची सावली, माठ, खुर्ची. आत जाणाऱ्याचा मोबाईल घ्यायचा, लाकडी खणात ठेवायचा, नंबरचा बिल्ला द्यायचा. आत सरकीच्या ढेपेतलं तेल हेक्झेनने काढतात. त्याची वाफ पेट्रोलसारखी, एक ठिणगी पुरते. माझा रुपेश आत टाकीवर असतो. त्याचे बाबा गेल्या वर्षीच्या दिवाळीत तिथंच गेले. म्हणून हीच खुर्ची मागून घेतली. पोराचा फोन रोज माझ्या हाती येईल.

७ नोव्हेंबर
श्रावण नावाचा कामगार मोठा वात्रट. फोन मागितला तर म्हणाला, "मावशी, बायकोले कोणत्या खणात ठेवू?" वर्षभरात पहिल्यांदा हसले.
मोतीलाल सुपरवायझरनी बजावलं, की माणसं बिघडलेला फोन जमा करतात आणि चालू फोन मोज्यात लपवतात. रुपेशच्या बाबांनी तेच केलं होतं. त्यांचा बिघडलेला फोन अजून सतरा नंबरच्या खणात आहे. झाकण उघडून पाहिलं. बॅटरीच नाही.
चालू फोन त्यांच्या हातात होता. डबा फाटकावर पोचवला की मी मिस कॉल द्यायची, पावणेएकला. त्या दिवशीही दिला, आणि आत भडका उडाला. फोन वितळून तळहाताला चिकटला, सुटला नाही, तसाच त्यांच्यासोबत जाळला.

९ नोव्हेंबर
पावणेएकला सतरा नंबरचा फोन वाजला.
मी हात लावेपर्यंत आत आरडाओरडा. श्रावणच्या मोज्यातून फोन पडला होता. मोतीलालनी त्याला रबरी पाइपने फोडून काढलं. फाटकाशी आणून टाकलं तेव्हा तोंडात दात कमी होते. "काऊन मारून राह्यले जी, सांगा न मावशी," म्हणत होता. मी त्याचा बिल्ला काढून घेतला. बिल्ल्यावरचं रक्त धुतलं.

१३ नोव्हेंबर
पुन्हा वाजला. धावत जाऊन मोतीलालना सांगितलं. बाबारावच्या डब्यात, भाकरीखाली फोन निघाला. या वेळी कामगारांनीच मारलं. हात मोडल्याचा आवाज फाटकापर्यंत आला.
आता कळलं. आत फोन गेला की सतरा वाजतो. रुपेशचे बाबा राखण करतात. बरं वाटलं.

१४ नोव्हेंबर
रुपेशने बिघडलेला फोन पुढे केला. माझ्यापुढे! मी चालू फोन मागितला. म्हणाला, "जागृतीचे दिवस भरले, आई. कळा सुरू झाल्या तं मले कसं मालूम पडन?"
कुलूप उचलून त्याच्या मनगटावर हाणलं. दोनदा. लपवलेला चालू फोन खाली पडला.
घरी सुनेला सांगितलं, की कळा आल्या तर मला मिस कॉल दे. मी निरोप आत पोचवीन.

१५ नोव्हेंबर
साडेबारा. सतरा वाजतोय. थांबत नाही. रुपेशचा फोन माझ्यापुढे आहे. सगळ्यांचे आहेत. तीनदा पाहिले—

आत आले. वही हातातच. मोतीलालनी सगळ्यांचे कपडे उतरवले. कोणाकडे काही नाही— हेक्झेनचा कुठला तरी नळ गळतोय. वासाने डोकं फिरतं. रुपेश सुजल्या हाताने मला बाहेर ढकलतोय—

सतरा इथपर्यंत ऐकू येतो—

माझा फोन. फाटकावर माझा कोणी घेत नाही. कमरेच्या पिशवीत— काढला. फेकायला गेले—

डाव्या तळहातातून सुटत नाही. रुपेश बोटं उपसतोय, कातडं निघतंय, फोन नाही—

पावणेएक. फोन हलला— जागृतीचा मिस कॉल—